पाळी पुढे जाते म्हणून पुण्य कमी पडलं असं नाही

॥ श्री गुरुदेव ॥
(गुरुवारच्या सत्संगातील महाराजांच्या निरूपणातून)



या वेळी एका लेकीची चिठ्ठी आली. लग्नाला तीन वर्षं झाली. पाळी कधी चाळीस दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी. पुढे गेली की घरात सगळ्यांची आशा वाढते, आणि मग एके सकाळी पाळी येते. "महाराज, आता कोणती सेवा करू?" नाव लिहिलेलं नाही, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतो.

बाळ, पहिली गोष्ट, नवा उपास धरू नकोस. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळं धरून साबुदाणा आणि चहावर राहणाऱ्या मुली मी पाहतो. खाणं तुटून वजन फार उतरलं की पाळी आणखी लांबते. वजन फार वाढलं तरी तेच.

दोन पाळ्यांत साधारण 21 ते 35 दिवस असले तर ठीक म्हणतात. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. आता पुढची पाळीच कधी येणार ठाऊक नाही, तर ते दिवस मोजणार कसे? तेव्हा बोटं मोजून जीव टांगणीला लावू नकोस. तारखा मात्र कालनिर्णयवर लिहून ठेव, डॉक्टर विचारतात. पाळी लांबली तर घरच्या घरी लघवीची चाचणी कर, मगच आशा धर.

थायरॉईड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस, अशी कारणं असतात. रक्त तपासून, सोनोग्राफी करून पुष्कळदा कळतात, आणि त्यावर औषधं आहेत. एरवी डॉक्टर वर्षभर वाट पाहा म्हणतात, पस्तिशीनंतर सहा महिने. पाळीच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. तपासणी दोघांची व्हायला हवी. नवरा म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" अरे, वीर्याची तपासणी किती सोपी! तिच्या आधी तू करून ये. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड दिलं तर तीर्थप्रसाद घेतो तसं रोज नेमाने घ्यायचं.

आता सासूबाईंशी बोलतो, राग मानू नका. पाळी आली की म्हणायचं देवघरात येऊ नको, आणि आली नाही की विचारायचं, "काय, गोड बातमी?" आणि परत आली की सुस्कारा टाकायचा. म्हणजे त्या पोरीनं करायचं तरी काय? आली तरी ती अपराधी, न आली तरी अपराधी! चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी अभंगातून विचारलं होतं की देहाची उत्पत्तीच ज्यातून होते तो विटाळ कसा. आपण वारीला जातो, टाळ वाजवतो, आणि सुनेला कोपऱ्यात बसवतो.

हळदीकुंकवात शेजारीण विचारेल. तेव्हा सुनेकडे न बघता तुम्हीच म्हणा, "आमचं आम्ही बघू, तुम्ही वाण घ्या." ही सेवा मला पारायणापेक्षा प्रिय आहे.

नाम घ्या, जरूर घ्या, मनाला आधार मिळतो. पण नामाच्या भरवशावर गोळी बंद करू नका, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. कुणी माझ्या नावानं सांगत असेल तर ऐकू नका.

आणि डॉक्टरांची वेळ गुरुवारचीच मिळाली तर सत्संग चुकवा. निरूपण ग्रुपवर येतंच.

जय गुरुदेव 🙏