बाद होण्याचा हक्क

मागच्या मे महिन्यात माझी तेरा वर्षांची भाची आमच्याकडे सिडकोत राहायला आली होती. संभाजीनगरचं ऊन असं की अकरा ते पाच घराबाहेर पाऊल टाकवत नाही. ती कूलरसमोर बसून लॅपटॉपवर काहीतरी लिहीत असायची. शाळेचं काम म्हणावं तर सुट्टी, आणि हसणं तर मधूनमधून चालूच. चार-पाच दिवसांनी विचारलं तेव्हा कळलं, हा खेळ आहे. पोकेमॉनच्या जगावर बेतलेला, प्राण्यांच्या झुंजीचा, पण चित्रांचा नाही, शब्दांचा. दोघं आपापला प्राणी निवडतात, आलटून पालटून चार-चार ओळी लिहितात आणि त्या ओळींमध्ये झुंज होते.

"मामा, खेळतोस का? पण नियम शिकावे लागतील."

नियम शिकणं मला सोपं वाटलं. प्राण्यांचे अठरा प्रकार आहेत. पाणी आगीवर भारी, आग गवतावर भारी, गवत पाण्यावर भारी. विजेचा वार जमिनीच्या प्राण्याला लागतच नाही. एका प्राण्याला एका वेळी चारच डाव येतात. हरलेला प्राणी मरत नाही, बेशुद्ध पडतो. कोंबड्यांच्या नाहीतर एडक्यांच्या झुंजी पाहिलेल्या माणसाला हा शेवटचा नियम बरा वाटतो. मी एका वहीत तक्ता काढला आणि दुसऱ्या दिवशी खेळायला बसलो.

माझा प्राणी स्क्वर्टल, म्हणजे पाण्यातलं कासव. तिचा चार्मँडर, शेपटीच्या टोकाला ज्योत असलेला सरडा. तक्ता माझ्या बाजूने होता. मी लिहिलं, "कासवाने पाण्याचा जोरदार फवारा मारला. सरड्याची ज्योत विझली आणि तो बेशुद्ध पडला."

तिने वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "असं नाही लिहायचं. तू काय केलंस ते तू लिही. मला काय झालं ते मी लिहिणार."

"पण पाणी आगीवर भारी. तूच सांगितलंस."

"भारी आहे. पण लागलं की चुकवलं, लागलं तर किती लागलं, हे मी लिहिणार."

"मग तू दरवेळी चुकवशील."

"मग माझ्याशी कोण खेळेल?"

मी केलेल्या चुकीला या खेळात नाव आहे: गॉडमॉडिंग. म्हणजे खेळता खेळता देव होणं. आपला वार कधी चुकत नाही, दुसऱ्याचा आपल्याला कधी लागत नाही आणि समोरच्याचं काय झालं तेही आपणच सांगून टाकायचं. नवशिके सगळे हीच चूक करतात, ती म्हणाली. मला समजूत घातल्यासारखं वाटलं आणि थोडा रागही आला.

राग ओसरल्यावर प्रश्न उरला. या खेळात पंच नाही. फासे नाहीत. आपल्या प्राण्याला किती लागलं हे जो तो स्वतःच ठरवतो. मग दरवेळी "चुकवला" असं लिहिण्यापासून माणसाला अडवतं काय? पैसे लागलेले नाहीत, शिक्षा नाही. आणि तरी त्या दुपारी तिच्या तीन मैत्रिणींच्या झुंजी मी मागे जाऊन वाचल्या, तर प्रत्येकीने स्वतःच्या प्राण्याला लागलेले घाव मन लावून लिहिले होते. कुणाचा पंख फाटला, कुणी लंगडत उठलं. एकीने तर हरतानाचे वर्णन जिंकणारीपेक्षा जास्त ओळींत केलं होतं.

बर्नार्ड स्यूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' नावाच्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. थोडक्यात सांगायचं तर, गरज नसलेले अडथळे आपण होऊन अंगावर घेणं म्हणजे खेळ. आपल्याकडच्या लंगडीवरून हे लगेच पटतं. पळणाऱ्याला पकडायचं असेल तर दोन पाय टेकून पळणं केव्हाही सोपं. पण दोन पायांवर पकडलं तर पकडणं झालं, लंगडी झाली नाही. दुसरा पाय टेकवणारा जिंकत नाही, तो खेळाबाहेर जातो. पण लंगडीत पाय टेकला की बघणारे ओरडतात. शब्दांच्या झुंजीत ओरडणारा कुणी नाही. तिथे फक्त समोरचा आहे.

जाँ पियाजेने स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्या खेळताना पाहिलं आणि १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक समजुतीवर पुस्तक लिहिलं. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले, अढळ वाटतात, आणि गंमत म्हणजे खेळताना तीच मुलं ते सर्रास मोडतात. मोठी झाल्यावर मुलांना कळतं की नियम आपणच एकमेकांशी ठरवलेले आहेत, सगळे राजी असतील तर बदलताही येतात, आणि मग ती ते कसून पाळतात. त्या हिशेबाने तक्ता पाठ करून सरड्याला परस्पर बेशुद्ध पाडणारा मी पाच-सहा वर्षांचा होतो. मला नियम म्हणजे तक्ता वाटला होता. समोर कुणी आहे, हाच पहिला नियम.

इथे मला आमच्या लहानपणीचा एक शब्द आठवला: कच्चं लिंबू. गल्लीत लपाछपी चालू असताना कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्ये यायचा, रडायचा. मग त्याला खेळात घ्यायचं, पण कच्चं लिंबू म्हणून. त्याच्यावर राज्य येत नाही. तो कधी बाद होत नाही. काही दिवस त्याला हे फार आवडतं. मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की आपण सापडलो तरी कुणी मोजत नाही, आपण लपलो तरी कुणी शोधत नाही. त्या दिवशी तो पाय आपटून म्हणतो, माझ्यावरही राज्य येऊ द्या. बाद होण्याचा हक्क मागणारं ते पोर त्या दिवशी खेळात येतं.

म्हणजे जो कधीच बाद होत नाही तो देव नव्हे, तो कच्चं लिंबू. आपल्याला लागू शकतं हे मान्य केल्याशिवाय आपल्या वारालाही अर्थ येत नाही. भाचीचं "मग माझ्याशी कोण खेळेल" हे वाक्य मी धमकी म्हणून ऐकलं होतं. ते खरं तर साधं वर्णन होतं.

सुट्टी संपत आली तेव्हा एका पहाटे आम्ही वेरूळला गेलो. कैलास लेण्याकडे गर्दी असते. तिथून थोडं बाजूला, एकविसाव्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात, शिव-पार्वतीच्या सारीपाटाचा पट कोरलेला आहे. शंकराने बोट वर केलं आहे. अजून एक डाव, असा त्याचा अर्थ लावतात. तो हरलेला आहे. खाली गण नंदीला छळताहेत, कारण पणात नंदीही गेला, असं सांगितलं जातं. भाची बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "देव असून गॉडमॉड नाही केलं."

सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला हे नेमकं कळलं होतं. ज्याला काहीही करता येतं त्याला बोट वर करून विचारावं लागतंय. आणि पुढचा डाव होणार की नाही हे पार्वतीवर आहे.

पण परतताना दौलताबादचा घाट उतरताना मला उलटी शंका आली. नियम पाळले म्हणजे झालं का? हस्तिनापूरच्या सभेतही फासे होते, पण होते, पणावर लावायची रीत होती. युधिष्ठिराने सगळं रीतीने लावलं आणि रीतीने हरला. द्रौपदीला मात्र कुणी विचारलं नाही. ती त्या खेळात खेळाडू नव्हती, पण लागलं तिला. तिने सभेत जो प्रश्न पाठवला, आधी स्वतःला हरलात की आधी मला, तो वरवर नियमाचा आहे. त्याच्या तळाशी दुसरा प्रश्न आहे: माझं काय झालं हे सांगणारे तुम्ही कोण? त्याला भीष्मही नीट उत्तर देऊ शकले नाहीत.

हे मी कुणा परक्याविषयी लिहीत असतो तर इथेच थांबलो असतो. पण माझ्या कपाटात तेव्हा एक कागद होता. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. फुलंब्रीकडची त्यांची शेती आणि गावातलं घर माझ्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून मी ताईच्या हक्कसोड पत्राचा मसुदा करून घेतला होता. ताई म्हणजे या भाचीची आई. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे मला माहीत होतं. वकिलांनी विचारलं, बहिणीचं काय? मी म्हणालो, "ताईचं काही म्हणणं नाही."

आपल्या घरांतून हे वाक्य किती सहज बोललं जातं. ते खोटंही नव्हतं. ताई खरोखरच काही म्हणाली नव्हती, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. काही म्हणणं नाही, याचे दोन अर्थ होतात: हरकत नाही, आणि बोलायची पाळीच आली नाही. मी दुसऱ्या अर्थाचं वाक्य पहिल्या अर्थाने वापरलं. माझा वार मी लिहिला होता आणि तिला काय झालं तेही मीच लिहून टाकलं होतं: ज्योत विझली, सरडा बेशुद्ध.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई लेकीला न्यायला आली. जेवणं झाल्यावर मी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, हे मी तुला न विचारता केलंय. तुझं म्हणणं काय आहे? तिने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मला वाटलं ती म्हणेल, अरे, मला काय करायचंय शेतीचं. खरं सांगायचं तर ती तसं म्हणेल अशी मनातून आशा होती. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "विचार करून सांगते."

अजून तिचं उत्तर आलेलं नाही. मध्ये दोनदा फोन उचलला आणि तिच्या वतीने उत्तर देऊन टाकावं असं वाटलं. ठेवून दिला. पाळी तिची आहे.