फटीपाशी

खुराडं अजून रिकामं आहे. कोंबड्या यायच्या आहेत.

या. समोर बसा. हवा तर पाट घ्या.

घाई नाही.

श्वास आत घ्या. रंधा मारलेल्या लाकडाचा वास येतो.

श्वास सोडा.

आता एकच जागा पाहा. दोन फळ्या जिथे मिळतात ती. मध्ये एक बारीक काळी रेघ आहे. नख जेमतेम शिरेल एवढी.

नजर तिथे ठेवा. बाकीचं खुराडं असू द्या.

वैशाख आहे. उन्हाने लाकूड आकसलंय. पावसाळ्यात फुगून मिटणाऱ्या फटी आत्ता उघड्या आहेत. पाहायला हीच वेळ बरी.

पाहत राहा.

फट रिकामी दिसते. सुताराने नवी फळी लावली असेल तर खरोखरच रिकामी असेल. कुणाच्या मोडलेल्या खुराड्याची, पडवीत पडून असलेली फळी असेल, तर मात्र जरा आणखी वाका.

लाल माइट नावाचा जीव अशा जागी दिवस काढतो. मिलिमीटरभर, त्याहूनही लहान. आठ पाय, गोचिडाच्या गोतातला. उपाशी असतो तेव्हा करडा, रक्त प्यायला की लाल. अंधार पडला की बाहेर येतो, दांडीवर झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर चढतो, पोट भरलं की परत फटीत. अंडीही तिथेच घालतो. उबेच्या दिवसांत अंड्यापासून पुरता मोठा व्हायला त्याला आठवडाभर पुरतो. आणि खुराड्यात कोंबडीच नसली तरी तो काही महिने तग धरतो.

काही महिने. या रेघेत. उपाशी.

राग नको. किळसही नको. पाहा.

श्वास घ्या. सोडा.

आता हात पुढे करा. कोंबड्यांनी बसायची दांडी आहे ना, तिच्यावरून बोटं फिरवा. सावकाश.

झाडाची फांदी तशीच आडवी टाकली असेल तर बोटांना साल लागेल. सालीखाली पोकळी असते. कोयत्याने सोलून काढा. गाठीपाशी थांबा. तिथे साल आत वळलेली असते. उघडं लाकूड गुळगुळीत लागेपर्यंत सोला.

दांडी उचलून पाहा. सहज निघते?

निघायला हवी. खिळ्याने ठोकलेली दांडी मला पटत नाही. दांडीचं टोक जिथे आधाराला टेकतं तिथे वस्ती सगळ्यात आधी होते, आणि ठोकलेल्या दांडीखाली कुणी कधी डोकावत नाही.

आता कढत पाणी. चुलीवरून नुकतं उतरवलेलं. फटीवर बारीक धार धरा.

वाफ पाहा. लाकडाचा वास बदलतो. 45 अंशांपुढची उष्णता या जिवाला सोसत नाही, पण ती आतपर्यंत पोचायला हवी. म्हणून धार हलवू नका. थांबा. मग पुढची फट.

मग ऊन. फळ्या पुरत्या वाळू द्या. तुम्ही सावलीत जा.

वाळल्या? आता चुना. विरवून गार झालेला, ताकासारखा पातळ. कुंचा फटीत दाबा. दाबून धरा. डोळे जपा.

काळी रेघ पांढरी होते.

पुढची रेघ.

पुढची.

कडी, जाळी, मुंगसाचा बंदोबस्त सुतार करतोच. त्यावर वेळ घालवत नाही. फक्त छपरालगतची हवेची मोकळी जागा बुजवू नका. रात्रभरचा दमटपणा तिथूनच बाहेर जातो.

कुणीतरी जळकं ऑइल फासायला सांगेल. नको. कोंबडी लाकडाला चोच घासते. कुणी शेतातल्या फवाऱ्याचं औषध सुचवेल. तेही नको. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच माइटवर कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं, आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आपल्याला घरची अंडी खायची आहेत.

परत श्वासाकडे या.

वळचणीखाली एक खोलगट जागा करा. कोरडी माती, लाकडाची गार राख. दोन्ही चाळलेली. प्लास्टिक जाळलेली राख नको. मुठीत घ्या. बोटांतून सोडा. खडा लागतो का? काढा.

कोंबडी इथे आडवी होईल. पिसं फुलवेल, पायाने माती अंगावर उडवेल, ती पिसांच्या मुळाशी जाऊ देईल, मग उठून सगळं झटकेल. अंगावरचे किडे ती आपले आपण असे कमी करते. ही जागा पावसातही कोरडी राहिली पाहिजे. ओली झाली की कोंबडी तिच्याकडे फिरकणार नाही.

आता मनाने पुढे जा. कोंबड्या आल्यात. खाली भाताचं तूस पसरलंय. दिवस मावळतोय.

पाहा, त्या आत कशा शिरतात.

एकामागे एक, आपापल्या जागी? की दाराशी घुटमळतात, अंगणातल्या झाडावर चढू पाहतात? त्यांना आत का नको आहे, हे आपल्याआधी त्यांना कळलेलं असतं.

रात्र होऊ द्या. जेवणं उरकू द्या. मग विजेरी हाताने झाकून खुराड्यापाशी जा.

आधी ऐका.

झोपलेल्या कोंबड्यांचा आवाज फार थोडा असतो. पाय आपटणं, मान झटकणं, सतत चोचीने पिसं उकरणं ऐकू आलं तर नोंद घ्या.

अजून थोडं ऐका.

आता पांढरं फडकं घ्या. दांडीच्या खालच्या अंगाने हलकेच ओढा. टोकांपाशी दोनदा.

विजेरी फडक्यावर धरा.

कोरं असेल तर झोपायला जा. दर आठवड्याला असंच या. पावसाळ्यात दोनदा आलात तर बरं, उबदार दमटपणात माइटांची संख्या झपाट्याने वाढते.

लाल रेघ उमटली असेल तरी घाबरू नका. सकाळी कोंबड्या बाहेर सोडा. दांडी काढा, तूस झाडून जाळा, कढत पाणी ओता, वाळू द्या, चुना द्या. आठवड्याने पुन्हा सगळं. उरलेली अंडी तोवर फुटलेली असतात.

मध्ये कोंबड्यांचे तुरे पाहत राहा. तुरा फिका पडत चालला असेल, किंवा तिसऱ्या खेपेलाही फडकं लाल निघालं, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. ते फडकं झाकणाच्या डबीत घालून सोबत न्या. डॉक्टर सांगतील ते औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या.