मिरची आणि मे महिना

मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांच्या पुढे गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलं, की हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. धर्माबादला हा नियम थोडा अन्यायाचाच आहे. आमच्या मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या पुढची, त्यामुळे बेचाळीसला इथे लाट येत नाही, नुसता मे असतो. तेवढ्याच आकड्यावर पुण्यात मथळे सजतात. इथे माणसं डोक्याला पंचा गुंडाळून निमूट कामाला जातात, आणि कुणी विषय काढलाच तर "उन्हाळ्यात ऊन पडायचंच की" म्हणून मोकळी होतात.

त्यात आणखी मिरची. धर्माबाद ही लाल मिरचीची जुनी पेठ आहे. सीमेपलीकडून, तेलंगणातून येणारा माल इथे उतरतो, वाळतो, निवडला जातो, दळला जातो. गिरणीकडून वारा सुटला की रेल्वेतून उतरलेल्या परक्या माणसाला आधी ठसका लागतो, मग तो रिक्षा शोधतो. गावकरी त्याच्याकडे जरा अभिमानानेच पाहतात.

मिरची आणि मे यांचं नातं पोएटिक वगैरे नाही, ते शरीरातलं आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिनला प्रतिसाद देणारा मज्जापेशींवरचा संवेदक डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने 1997 साली शोधून काढला. 2021 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. गंमत अशी की हाच संवेदक उष्णतेनेही जागा होतो, आणि तो जागा होण्याची पातळी आहे सुमारे 43 अंश. म्हणजे ठेच्याचा घास घेतल्यावर जीभ मेंदूला जो निरोप पाठवते, तो भाजल्याचाच असतो. तिला मिरची आणि मे वेगळे ओळखता येत नाहीत.

तरीही आपण ठेचा मागून घेतो. नाकाडोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, तोंडाने हाऽहू, आणि हात पुन्हा ताटाकडे. पॉल रोझिन नावाचे मानसशास्त्रज्ञ याच कोड्यामागे बरीच वर्षं लागले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं आणि मनाला मात्र पक्कं ठाऊक असतं की धोका काही नाही. या दोहोंमधल्या फटीत माणसाला मजा येते. मला हे पटतं. उन्हाळ्याच्या सुखांबद्दल आपण जे हळवं बोलतो, त्यातलं बरंचसं या फटीतलंच आहे. सावलीत बसून उन्हाकडे पाहणाऱ्याला ऊन आवडतं. फट बंद झाली, म्हणजे सावलीत परतण्याची सोय नसली, की तेच ऊन नुसतं ऊन उरतं.

पण सगळं सुख असं लांबून पाहण्याचं नसतं. काही सुखं उन्हाच्या पोटातूनच येतात. माठ घ्या. माठातलं पाणी थंड होतं ते झिरपून बाहेरच्या अंगाला आलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून ओढली जाते. ही ओढ हवा जितकी कोरडी तितकी जोरात. म्हणून कोकणातल्या घामट मे महिन्यात माठ नाखुशीने काम करतो आणि मराठवाड्यातल्या भाजक्या दुपारी जीव तोडून. आपल्या घशाला कोरड पाडणारी हवाच पाणी गार करते. कूलरचंही तेच. जूनमध्ये ढग भरून आले, की तापमान उतरतं पण कूलर नुसता ओला दम टाकतो आणि माठाच्या पाण्याची चव उतरते. तेव्हा कळतं की एप्रिलभर आपण ज्या कोरडेपणाला शिव्या देत होतो, तोच बिनपगारी नोकर होता.

जुना माठ का चालत नाही, हे आमच्याकडच्या बायकांना पुस्तकाशिवाय माहीत असतं. बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार वर्षभरात मातीच्या छिद्रांत बसतात आणि माठ "मुका" होतो. मग होळीच्या सुमाराला नवा येतो. बोटाने वाजवून, आवाज ऐकून घेतलेला. पहिले दोन-तीन दिवस पाण्याला मातीचा वास लागतो आणि घरातलं एक तरी माणूस तेवढ्यासाठीच उगाच पेला भरून घेतं. तिवईखाली वाळू, वाळूत टाकलेले मेथीचे दाणे, ठिबकणाऱ्या पाण्यावर उगवलेलं चार बोटं हिरवं. अख्ख्या घरात त्या दिवसांत ताजं हिरवं दिसतं ते बहुतेक तेवढंच.

ऊन इथे कामालाही लावलेलं असतं. कुरडया, पापड्या, सांडगे, वर्षाचं तिखट, सगळी कामं त्याच्या जिवावर. जी बाई दहाला "बाई गं, काय ही तलखी" म्हणते, तीच अकराला आभाळात ढगाचा ठिपका दिसला तर कासावीस होते, कारण स्लॅबवर साडीवर चीक घातलेला असतो. तिचं उन्हाशी भांडण आहे, पण व्यवहारही आहे. मला हे नातं कृतज्ञतेपेक्षा खरं वाटतं. सासरच्या माणसांशी असावं तसं.

वर्षाची सुरुवातही इथे साधी गोड नसते. धर्माबादच्या पुढचं स्टेशन बासर, ते तेलंगणात. एकाच दिवशी अलीकडे पाडवा आणि पलीकडे उगादी, आणि धर्माबादेत पुष्कळ घरांत दोन्ही. पलीकडच्या पच्चडीत कडुनिंबाचा मोहोर, नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, मिरची, सहाही रस एका वाटीत. अलीकडे कडुनिंबाची कोवळी पानं आणि गूळ. लहानपणी सगळी पोरं आधी गूळ शोधतात, तो भाग वेगळा. मला यातली शहाणपणाची गोष्ट ही वाटते की कडू आधी खा, मग गोड मिळेल, असा सौदा तिथे नाही. एकाच घासात दोन्ही, वेगळं काढायची सवलत नाही. पुढे मे महिन्यात बेनिशान आंबा येतो तो अशाच घामाघूम दुपारी. कोपरापर्यंत ओघळणारा रस आणि पाठीवरचं घामोळं यांना एकमेकांपासून सोडवता येत नाही.

आता कृतज्ञतेची अडचण. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा 2003 मधला एक अभ्यास फार गाजला. आठवड्यातून एकदा आपण ज्यांबद्दल ऋणी आहोत अशा पाचेक गोष्टी लिहिणारी माणसं, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळली. त्यानंतर कृतज्ञतेच्या वह्यांची बाजारात रेलचेल झाली. अभ्यास खोटा नाही, वहीही वाईट नाही. पण ती कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न उरतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. त्या महिन्यात घागरींच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला "जे आहे त्याचा आनंद घ्या" म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा झाला असता. आपल्या वाट्याचं गार पाणी मन लावून पिणं ठीक आहे. दुसऱ्याच्या तहानेवर प्रवचन देणं नव्हे.

गोदावरीच्या खोऱ्याने हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या पद्धतीने सोडवलेला दिसतो. इथे पाण्याबद्दलची कृतज्ञता मनात ठेवायची चीज नव्हती. ती रस्त्याच्या कडेला मांडायची होती. चैत्रात पाणपोई घालायची, अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान द्यायचा. आणि ही रीत किती जुनी! हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, जी स. आ. जोगळेकरांमुळे मराठी वाचकांपर्यंत पोचली, पाणपोईवरची एक गाथा आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितोय, नजर वर, पाणी घालणाऱ्या तरुणीवर. प्यायला वेळ लागावा म्हणून तो बोटं सैल सोडतो. ती सगळं ओळखून आहे. ती धार आणखी बारीक करते. सुखाची चव घेणं म्हणजे काय, यावर पुढे जे लिहिलं गेलं त्यात मला तरी याहून नेमकं काही भेटलेलं नाही. सातवाहनांच्या पैठणवरून वाहत आलेली नदी धर्माबादजवळून तेलंगणात शिरते, म्हणून ही गाथा मी आमच्याच गावाच्या हिशेबात धरतो.

आजची धार मात्र कायद्याने मोजलेली आहे. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवायची आणि दर 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ठरवून दिलं. ही कोर्टाने घातलेली पाणपोईच म्हणायची. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी जाताना बघून अलीकडचे शेतकरी हळहळतात, पलीकडच्यांना ते अपुरं वाटतं. धार बारीक करण्यातली गंमत इथे कुणालाच नाही.

आणि मिरचीच्या गोदामात देठ खुडायला बसणाऱ्या बायकांना तर ओंजळ करण्याचीही सोय नाही. पदर नाकातोंडाला बांधलेला, बोटांची आग आग झालेली. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसते हात धुऊन ते जात नाही. ओंजळीने पाणी प्यायलं तर ओठ पेटतात. म्हणून नुकतीच आलेली, अजून मिरचीला हात न लावलेली बाई तांब्या धरते आणि बाकीच्या तोंड वर करून उभ्या राहतात. ती नवखी असली तर बिचारी सांडू नये म्हणून जपून, थेंब-थेंब ओतते. मग ओरडा होतोच: "अगं, मोठी सोड की धार! मुकादम बोलवायलाय."