नेम

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. आजाच्या नावानं पीकरक्षणाचा परवाना होता आणि बंदूक आड्याखाली दोन खुंट्यांवर आडवी असायची. हलकी होती. मी नऊ वर्षांचा असताना ती एका हातानं उचलू शकायचो, आणि उचलली म्हणून एकदा मारही खाल्ला.

आजा बंदूक भरायला बसला की घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. ओसरीवर पोतं अंथरायचं. त्यावर दारू भरलेलं म्हशीचं शिंग, बांबूच्या पेराचं माप, नारळाच्या काथ्याचा कुच्चा, घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या, टोप्यांची डबी, सगळं ओळीनं मांडायचं. माप भरलं की तोंडावरून बोट फिरवून ते सपाट करायचा. नळीत दारू, वर कुच्चा, मग गजानं ठासणं. ठासण्याचे ठोके तो मनात मोजायचा, कारण ओठ हलताना दिसायचे. काल जितके ठोके, तितकेच आज. पावसाळ्यात दारू ओल धरते म्हणून शिंग चुलीच्या खोलीत, पण चुलीपासून लांबच्या भिंतीला टांगलेलं. गोळीचा सांधा काठावर राहिला असेल तर कानशीनं घासून गोळी पुन्हा तळहातावर फिरवून बघायचा. मी विचारलं होतं, इतकं कशाला? म्हणाला, "बाबू, हे माझ्या हातचं आहे. चुकलं तर कोणाकडे बोट दाखवू?"

१९६४ साल होतं. गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं, नवेगावबांधच्या जंगलापासून दोन कोसांवर. गोंदिया जिल्हा व्हायला अजून पस्तीस वर्षं होती, आम्ही भंडाऱ्याचे. कार्तिक लागला होता आणि धान कापणीला आलं होतं. त्या वर्षी रानडुकरांनी बांध्यांची पार दैना केली होती. डुक्कर खातं थोडं आणि लोळतं जास्त, एका रात्रीत अख्खी बांधी गवतासारखी निजवून जातं. आजा मचाणावर जागलीला बसला. अंधारी रात्र. पहाटेच्या आधी कधीतरी धानात खसखस झाली, फुरफुरल्याचा आवाज आला, ओंब्या ओरबाडल्याचा आवाज आला. आजानं घोडा चढवला आणि आवाजावर चाप ओढला.

शेजाऱ्याची वगार होती. दावं तोडून आलेली, अडीच वर्षांची. खांद्याच्या मागं एकच गोळी. ती जागची हललीसुद्धा नव्हती.

माणसं जमली, कंदील घेऊन उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "पण बुढ्याचा नेम पाहा." त्यात कुचेष्टा नव्हती, खरं कौतुक होतं. अंधारात, आवाजावर, एका गोळीत. आजा तिथून उठून घरी आला आणि उजाडेपर्यंत ओसरीवर बसला. सकाळी त्यानं आमच्या गोठ्यातली गाभण म्हैस सोडून शेजाऱ्याच्या दारी बांधली. शेजारी नको म्हणत होता, नशिबाचा खेळ म्हणत होता. आजा म्हणाला, नशिबाचा नाही. मला एवढंच बोलला, "कानानं पाहिलं मी." पुढं दारू तो पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागला. ते शिंग मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी पुढं मास्तर झालो, तीस वर्षं मराठी शिकवलं. आपल्या भाषेत बंदुकीचा तोही नेम आणि वारीचा, एकादशीचा, पहाटे उठून तुळशीला पाणी घालण्याचा तोही नेमच. मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगताना दर वेळी मला ओसरीवरचा आजा आठवायचा. भरताना त्याचा जो नेम होता तो दुसऱ्या अर्थाचा होता, आणि त्याच नेमानं पहिल्या अर्थाचा नेम साधला होता. मग पाप कुठं शिरलं? हा प्रश्न मी साठ वर्षं वागवतो आहे.

पुराणांकडे गेलो तर तिथंही हाच प्रश्न उभा होता. शरयूच्या काठी अंधारात घडा भरल्याचा आवाज आला आणि दशरथानं हत्ती समजून बाण सोडला, तो श्रावणाला लागला. पांडूनं रानात हरणाच्या जोडीवर बाण सोडला, ते हरणाच्या रूपातले किंदम ऋषी निघाले. जरा नावाच्या व्याधानं झाडाखाली पहुडलेल्या श्रीकृष्णाचं पाऊल हरीण समजून वेधलं. तिघांपैकी एकाचाही बाण चुकलेला नाही. चुकता तर श्रावण आईबापांकडे पाणी घेऊन परत गेला असता. आपल्या कथाकारांनी एवढी मोठी दुःखं अचूक बाणांवर उभी केली आहेत, हे मला फार उशिरा दिसलं.

आणि आम्ही शाळेत शिकवत आलो ती द्रोणाचार्यांची परीक्षा. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो असं म्हणणारा अर्जुन. एकाग्रतेचा धडा म्हणून मी तो किती वेळा सांगितला असेल. पण महाभारतात तो पक्षी खरा नाही. कारागिरांकडून बनवून घेतलेला, झाडावर नेऊन बसवलेला पक्षी आहे तो. हे आम्ही सांगायचं विसरलो. बनवलेल्या पक्ष्यासमोर फक्त डोळा दिसणं शोभतं. जिवंत प्राण्यासमोर झाडही दिसलं पाहिजे, झाडामागचंही दिसलं पाहिजे. युधिष्ठिराला त्या दिवशी झाड दिसलं, भाऊ दिसले, गुरू दिसले, म्हणून त्याला बाजूला काढलं. धनुर्विद्येच्या वर्गात ते ठीकच होतं. पण माझ्या बांधीत रात्री कोणी बसवायचं झालं तर मी युधिष्ठिराला बसवीन.

नेमाचं तंत्र मी कॉलेजात एनसीसीत शिकलो. पॉइंट टू-टूची रायफल, पोटावर निजून पाच गोळ्या. माझ्या पाचही गोळ्या काळ्या ठिपक्याच्या डाव्या खालच्या बाजूला एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या. मी खट्टू झालो, आणि उस्तादांनी पाठ थोपटली. ठिपक्यात एक आणि बाकीच्या चहूकडे, असं लावणाऱ्या मुलाला ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, एकत्र लागल्या म्हणजे माणूस ठीक आहे, आता रायफलची माशी, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, ठीक करू. विखुरलेल्या गोळ्यांना कुठली माशी सरकवणार? नंतर एकदा त्यांनी मला न सांगता रिकामी रायफल हातात दिली. मी चाप ओढला, गोळी सुटलीच नाही, आणि नळीचं तोंड मात्र खाली दचकलं. आवाज होण्याआधीच मी आवाजाला भ्यालो होतो. भरलेल्या रायफलीत ते दचकणं धक्क्याच्या आड लपत होतं.

धरणाऱ्याचा असा दोष हलक्या रायफलीत जास्त दिसतो. जड बंदूक धरणाऱ्याचा दोष पोटात घालते. हलकीला ते जमत नाही, नाडीचा ठोकासुद्धा ती माशीवर दाखवते. नळी बारीक असली की दोनचार गोळ्यांत तापते आणि पुढची गोळी भलतीकडे जाते. म्हणून अशी बंदूक वापरणाऱ्याला पहिल्या, थंड नळीच्या गोळीवरच भिस्त ठेवावी लागते. बार उडताना नळी वेताच्या काठीसारखी थरथरते, आणि त्या थरथरीच्या कुठल्या क्षणी गोळी बाहेर पडते यावर तिची दिशा ठरते. दारू दर वेळी सारखी असेल तर क्षणही जवळपास सारखा येतो. परदेशांत डोंगरात शिकार करणारे लोक हलकी रायफल नेतात आणि काडतुसं घरी भरतात. प्रत्येक काडतुसाची दारू ताजव्यात तोलतात, पितळी टरफलं निवडून घेतात, त्याचं कारण हे. आजाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण मापावरून बोट तो ह्याचसाठी फिरवत होता.

ह्या माणसांची साधना मला खरी साधना वाटते. तेच ते, तितकंच, दर वेळी, कंटाळा न करता करणं म्हणजे अभ्यास. चंचल मन कसं आवरावं या अर्जुनाच्या प्रश्नाला गीतेनं अभ्यास आणि वैराग्य अशी दोन नावं घेऊन उत्तर दिलं. आमच्या ओसरीवर अभ्यास पुरेपूर होता. वैराग्य म्हणजे इथं काय, ते मला मचाणाच्या गोष्टीतून कळलं. भरलेली बंदूक हातात असताना, आवाज आलेला असताना, चाप न ओढता बसणं. इतक्या निगुतीनं भरलेला बार वाया न घालवण्याची ओढ फार मोठी असते. हातानं घडवलेली वस्तू स्वतःच आपल्या उपयोगाची मागणी करायला लागते.

शिकारी मंडळी एक युक्तिवाद करतात, आणि मी तो हलका मानत नाही. अचूक गोळी हीच दया, जनावर तळमळत नाही. साबरमती आश्रमात १९२८ साली दुखण्यानं तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण देवविलं आणि देशभर गदारोळ झाला, ते उदाहरणही कोणी पुढं करतं. पण ते वासरू आधीच यातनेत होतं. माझ्या बांधीत शिरलेलं डुक्कर यातनेत नाही, ते जेवतं आहे. त्याला मारायचं तर माझ्या धानासाठी मारायचं. ती गरज असेल, पण तिला दयेचं नाव देऊ नये. अचूकपणामुळं त्याचे हाल वाचतात एवढं खरं, आणि ते थोडं नाही.

गरजेवरून बाबासाहेब आंबेडकरांची आठवण येते. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९५४ ला, ते आमच्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि हरले. ती हार इथल्या जाणत्या माणसांनी फार मनाला लावून घेतली होती. बाबासाहेबांच्या मागं १९५७ साली निघालेला त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मला शाळेतल्या एका सहकाऱ्यानं वाचायला दिला. त्यात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज वेगळ्या करतात, आणि अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला मोकळा ठेवतं. हे वाचलं आणि माझ्या दोन नेमांत तिसरं काहीतरी शिरलं. आजाचे दोन्ही नेम नियमाच्या जातीचे होते. माप तेच, ठोके तेच, आवाज आला की बार. तत्त्व असतं तर त्यानं त्या रात्री विचारलं असतं, धानात कोण आहे? हा प्रश्न मापात बसत नाही. दर वेळी तो नवा विचारावा लागतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. शेजारी पाचव्याकडे बोट दाखवत होता, आणि दावं तुटलं, वगार नेमकी तिथंच आली, हे दैव नव्हतं असं मी म्हणणार नाही. तरी आजानं म्हैस सोडली. शिशाची गोळी स्वतः ओतलेली, दारू स्वतः मोजलेली. हातानं इतकं केलेलं असताना पाचव्याच्या मागं लपायची त्याला लाज वाटली. कारखान्यातलं काडतूस असतं तर कदाचित लपला असता. मी तरी लपलो असतो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५ ला नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. आजाच्या माघारी बंदूक आम्ही ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही. डुकरं मात्र येतातच, आणि नुकसान झालं की पंचनाम्याचे कागद भरावे लागतात.

गेल्या वर्षी पुतण्या फारच धरून बसला तेव्हा वनखात्याची परवानगी काढली आणि परवानाधारक निशाणबाज आला. तिशीतला मुलगा, इशापूरच्या कारखान्याची पॉइंट ३१५ रायफल. मी हट्टानं त्याच्याबरोबर बसलो. त्यानं बांधावर धानाचं पोतं ठेवलं, त्यावर रायफल टेकवली, आणि थंडीत दोन तास हूं की चूं केलं नाही. फटफटायला लागलं तेव्हा डुक्कर आलं, एकटं, मोठं, आडवं उभं राहिलं. चाळीस पावलं असेल. त्याचं बोट चापावर गेलेलं मला दिसलं, श्वास अर्धा सोडून थांबलेला ऐकू आला. तेवढ्यात डुकराच्या पलीकडे धानाचा शेंडा हलला. वारा नव्हता. मुलगा थांबला. डुक्कर खात राहिलं, आम्ही बघत राहिलो, आणि काही वेळानं ते सावकाश पलीकडच्या बांधीत गेलं, तिथून जंगलात.

उजेड झाल्यावर पुतण्या चिडला. तिघं बांधीत उतरलो. चिखलात डुकराचे खूर स्वच्छ उमटले होते. पलीकडं जिथं धान हललं तिथं मी वाकून वाकून पाहिलं. माणसाचं पाऊल नव्हतं, गुराचं नव्हतं, काहीच नव्हतं. बेडूक असेल, किंवा पाणकोंबडी. पाऊण बांधी धान आडवं झालं होतं.

मुलानं काडतूस काढलं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात ठेवलं. मी त्याला घरी चहाला घेऊन आलो आणि आजा बसायचा त्या जागेवर बसवलं.