बियाण्यापुरतं तरी उरू द्या

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : महाभारत, वनपर्व. युधिष्ठिराचं मृगस्वप्न.

पांडव वनवासात द्वैतवनात राहत होते. एका रात्री धर्मराजाच्या स्वप्नात हरणं आली. अंग कापतंय, कंठ दाटलेला. आपण या वनातली मारता मारता उरलेली हरणं आहोत, असं त्यांनी सांगितलं. तुझे भाऊ शूर आहेत, आमचे कळपच्या कळप संपले, आता जेमतेम बियाण्यापुरते उरलोय. तू मुक्काम हलव, म्हणजे आमचा वंश पुन्हा वाढेल.

सकाळी युधिष्ठिराने भावांना स्वप्न सांगितलं. हरणांचं म्हणणं खरं आहे, एक वर्ष आठ महिने आपण त्यांच्यावर जगतोय, आता पुरे, असं म्हणून त्याने सगळ्यांना घेऊन काम्यकवनाची वाट धरली.

प्रसंग एवढाच. कीर्तनात तो फारसा येत नाही. पण मित्रांनो, अमरावती-अकोल्याकडच्या आपल्यासारख्यांनी तो दोनदा वाचावा असा आहे.

इथे पांडव काही गुन्हा करत नव्हते. क्षत्रियाला शिकार वर्ज्य नव्हती. सोबत ब्राह्मण होते, आश्रित होते, त्यांना खाऊ घालायचं होतं. गरज खरी होती आणि हक्कही होता. तरी धर्मराजाने 'आमची गरज खरी आहे' एवढ्यावर विषय संपवला नाही. समोरच्याकडे किती उरलंय, हे त्याने पाहिलं. धर्माचा प्रश्न इथे सुरू होतो. गरज खोटी असेल तर निर्णय सोपा असतो. गरज खरी असूनही थांबावं लागतं, तेव्हा कस लागतो.

आता आपल्या दाराशी बघा. अमरावती शहराला लागूनच पोहरा-मालखेडचं जंगल आहे. साग, पळस, तेंदू यांचं, उन्हाळ्यात पानगळ होऊन करडं दिसणारं. मेळघाटाचं नाव मोठं, तो देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे आपण सुट्टीत जातो, फोटो टाकतो. पोहऱ्याच्या जंगलाला तसं ग्लॅमर नाही. पण वडाळी आणि छत्री तलाव याच टेकड्यांच्या पायथ्याशी आहेत. टेकडीवर झाडं असली की पावसाचं पाणी मुरत मुरत खाली येतं. झाडं गेली की तेच पाणी माती घेऊन धावत सुटतं आणि तलाव गाळाने भरतो. अप्पर वर्धाचं पाणी नळाला येण्याआधी शहराची तहान या तलावांनी भागवली आहे.

याच जंगलाच्या कडेला शहर सरकतंय. लेआउट पडतात, मुरमाचे रस्ते होतात, 'निसर्गाच्या सान्निध्यात' असे फलक लागतात. मग विद्यापीठाच्या आवारात किंवा एसआरपीएफ कॅम्पच्या बाजूला बिबट्या दिसतो आणि बातमी येते : बिबट्या शहरात शिरला. काहून बापा, तो शिरला की आपण शिरलो? धर्मराजाला स्वप्न पडलं होतं. आपल्याला सीसीटीव्हीचं फुटेज मिळतं. ते आपण फॉरवर्ड करतो आणि झोपतो.

कोणी म्हणेल, मग माणसाने राहायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. घर बांधणं पाप नाही. त्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. पण त्या कोणासाठी? डोक्यावर छप्पर नसलेल्या वाटसरूसाठी. स्वतःसाठी त्यांनी मालमत्ता केली नाही. ही कसोटी आपल्यालाही लावता येते. ज्याला घर नाही त्याचं घर, आणि पुण्यात फ्लॅट असून 'भाव वाढेल' म्हणून गावाकडे घेऊन ठेवलेला प्लॉट, या दोन्हींना 'गरज' हा एकच शब्द कसा चालेल? घरासाठी शहरात रिकाम्या पडलेल्या जागा आहेत, मजले वर चढवता येतात. टेकडीला मात्र दुसरीकडे जाता येत नाही.

मला या कथेत तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पांडव काम्यकवनात जाऊ शकत होते, हरणांना द्वैतवनाशिवाय काही नव्हतं. म्हणून ज्याला हलता येतं, त्याने हलायचं. ताकदवानाने आपली सोय थोडी बाजूला सारायची. दुबळ्याने रोज स्वप्नात येऊन विनवण्या करायच्या, ही व्यवस्था धर्माची नाही.

याच पांडवांच्या घरात आधी खांडववन जळालं होतं, हेही विसरायचं नाही. कृष्णार्जुनांच्या साक्षीने ते जळालं आणि त्यातून सहा जीव वाचले : चार शार्ङ्गक पक्षी, मयासुर आणि अश्वसेन नाग. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या दहनाला रोखठोक प्रश्न विचारले आहेत. आपण कृष्णाचे भक्त, म्हणून तो अध्याय चटकन उलटावा असं वाटतं. पण व्यासांनी तो लपवलेला नाही. वाचलेल्या मयाने अद्भुत सभा बांधून दिली, ती पाहून दुर्योधन जळला, पुढे द्यूत झालं आणि सभेचे मालक रानात आले. आईचा सूड घ्यायला अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून आला. ज्यांनी वन जाळलं, त्यांना शेवटी वनानेच बारा वर्षं सांभाळलं. म्हणून द्वैतवनातलं 'पुरे' मला जास्त मोलाचं वाटतं. ते शिकून आलेलं आहे.

आजचा संकल्प छोटा ठेवू. घरी कोणी जंगलाकडेचा प्लॉट बघत असेल, तर भावाआधी सातबारा बघा, विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते विचारा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती मागवतात. एक हरकत तुमच्या नावाने जाऊ द्या. शहरातली झाडं तोडण्याआधी 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तिची नोटीस वाचायची सवय लावा. हे रुक्ष काम आहे, पण आज हरणांची बाजू कागदावरच मांडावी लागते. जपाच्या माळेनंतर दहा मिनिटं त्यालाही द्या.

आणि रात्री झोपताना एवढंच मागू : देवा, आमच्याही स्वप्नात हरणं येऊ देत, आणि सकाळी उठून मुक्काम हलवायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.