दूध तुटेपर्यंत



पवित्र कुटुंबाच्या सणाला उपासनेच्या ‘क’ वर्षात पहिल्या वाचनासाठी हन्नाची गोष्ट दिलेली आहे. पुष्कळ वर्षे अश्रू गाळल्यावर तिला शमुवेल झाला. त्याला देवाला वाहण्याचा तिचा नवस होता. यात्रेचे दिवस आले, एलकाना घरच्या मंडळींना घेऊन शिलोला निघाला, पण हन्ना घरीच राहिली. बाळाचे दूध तुटल्यावरच मी त्याला घेऊन येईन, असे तिने नवऱ्याला सांगितले आणि त्याने ते मानले. त्या काळी दूध लवकर तुटत नसे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील सात पुत्रांची माता आपल्या धाकट्याला आठवण करून देते की तिने त्याला तीन वर्षे पाजले. शमुवेललाही साधारण तितकीच वर्षे कूस मिळाली असावी.

हन्नाचा त्याग आपण नेहमी ऐकतो. त्या त्यागाआधी तिने जे थांबणे केले, त्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. मूल देवाचेच होते, तरी ते देवाच्या घरी पोहोचवण्याची तिला घाई नव्हती.

तीन वर्षांच्या या कुशीचे मोल वैद्यकशास्त्राला फार उशिरा कळले. दुसऱ्या महायुद्धानंतरही इंग्लंडमधील अनेक इस्पितळांत आजारी मुलांना भेटायला आईला ठरावीक वेळीच येऊ देत. आई आली की मूल रडते, गेली की आणखी रडते, मग आलीच नाही तर बरे, असा हिशोब होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीचे इस्पितळातील आठ दिवस चित्रित केले. आईविना राहणारी अशी लहान मुले आधी आकांत करतात, मग खिन्न होतात आणि शेवटी गप्प बसतात, हे रॉबर्टसन यांना दिसून आले होते. इस्पितळाच्या लेखी गप्प झालेले मूल ‘रुळलेले’ असे. रॉबर्टसन म्हणाले, ते रुळलेले नाही, त्याने आशा सोडली आहे. डॉक्टरांना हे रुचले नाही. तरी १९५९ साली इंग्लंडमधील सरकारी समितीने आईबापांना कधीही भेटू द्यावे अशी शिफारस केली. आज आपल्याकडेही आजारी बाळाच्या खाटेवर आई पाय दुमडून बसलेली दिसते. ती जागा अशी झगडून मिळाली आहे.

त्याच दशकात अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांची नवजात पिल्ले आयांपासून काढून घेतली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्यापाशी दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्यापाशी काहीच नाही. पिल्ले तारेच्या आईकडे दुधापुरती जात आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून राहत. आईविना वाढलेल्या काही माद्यांना पुढे स्वतःची पिल्ले झाली, तेव्हा त्यांनी त्यांना जवळ घेतले नाही, काहींनी तर मारले. मुक्या जिवांवर केलेले असले प्रयोग वाचून आम्हाला वेदना होतात. पण पोट भरले म्हणजे पिल्लू वाढते, या समजाला त्यांनी कायमचा धक्का दिला.

माणसांच्या बाबतीत असा प्रयोग कोणी करणार नाही. पण रुमानियात एका राजवटीने तो जवळजवळ करूनच टाकला. १९६६ साली चाउशेस्कू यांनी लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली आणि गर्भनिरोधक साधने दुर्मीळ केली. गरीब घरांना मुले पोसवेनात. सरकार म्हणे, आमच्याकडे आणून द्या, आम्ही सांभाळू. १९८९ साली ती राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी बालगृहांत होती. बाहेरून आलेल्यांना एका गोष्टीने चटका लावला : तान्ह्या बाळांच्या खोल्यांमधली शांतता. रडून कोणी येत नाही, हे बाळांना कळून चुकले होते.

आपण गर्भपाताच्या विरोधात बोलतो आणि बोलत राहू. पण जन्माचा आग्रह धरून जन्मानंतर हात झटकले की काय होते, ते रुमानियाने दाखवले. ही गोष्ट आपण स्वतःला सांगायला हवी.

बुखारेस्टच्या सहा बालगृहांतील १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत दिली गेली. साडेचार वर्षांची झाल्यावर कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ८१ भरला, बालगृहाच्या वाट्याला आलेल्यांचा ७३. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांची भरपाई सर्वांत चांगली झाली. पण आपल्याच आईबापांजवळ वाढलेल्या मुलांचा बुद्ध्यंक १०९ होता. म्हणजे पुष्कळसे भरून निघते, सगळे नाही, आणि उशीर महाग पडतो. पुढे रुमानियाने कायदा करून दोन वर्षांखालील मुलांना बालगृहात ठेवण्यास मनाई केली, फक्त गंभीर अपंगत्वाचा अपवाद ठेवून.

हे वाचून कोणा नोकरदार आईने जीव टांगणीला लावून घेऊ नये. संध्याकाळी आई परत येते, दिवसभर आजी किंवा ओळखीची बाई मायेने पाहते, त्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. बाळाला रोज तोच चेहरा, तोच वास, हाकेला तीच ओ मिळाली पाहिजे. बुखारेस्टमधील प्रतिपालक माता कोणाच्या जन्मदात्या नव्हत्या. आणि योसेफाला विसरून कसे चालेल? बापाच्या कुशीलाही ऊब असते. २०१७ सालच्या दुरुस्तीने कायद्यात पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली खरी, पण मासळीची पाटी घेऊन बसणारीला आणि धुणीभांडी करणारीला ती कोण देणार? त्यांना शेजारच हवा.

त्याच सणाला ‘क’ वर्षाच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात राहतो आणि मरिया-योसेफ तीन दिवस कासावीस होऊन त्याला शोधतात. घाबरले ते आईबाप, मुलगा निर्धास्त होता. शमुवेलही आईपासून दूर, म्हाताऱ्या एलीपाशी राहिला आणि रात्री हाक ऐकताच उठून धावला. ज्याच्या हाकेला लहानपणी ओ मिळाली, त्यालाच दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यायला जमते, असे आम्हाला वाटते. मुलाला सोडून आल्यावरही हन्ना दर वर्षी त्याच्यासाठी लहान अंगरखा शिवून नेत असे. मूल केवढे झाले असेल याचा अंदाज तिच्या मनात सतत चालू असणार. परदेशी नोकरीला गेलेल्या आपल्या बहिणींना हे समजावून सांगायला नको.

नाताळात आपण अनाथाश्रमात केक आणि कपडे घेऊन जातो. तेथील बहुतेक मुलांना आई किंवा बाप हयात असतो, हे आपण विचारून घेत नाही. आश्रमातल्या सिस्टर्स जीव ओततात, पण एका सिस्टरच्या वाट्याला किती बाळे? आपल्याच वाडीतील एखादी विधवा केवळ पैशाअभावी मूल वसतिगृहात पाठवणार असेल, तर तो केक तिच्या दारी आधी जावा, आणि नंतरच्या महिन्यांचा किराणाही. एकल पालकाच्या किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. तीत मुलाला घरीच ठेवून दरमहा मदत मिळते. त्याची चौकशी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात होते. कागदपत्रे बरीच लागतात, चार खेपाही होतात, आणि कडेवर तान्हे घेऊन एकटीला त्या झेपत नाहीत. आपल्यापैकी कोणी सेवानिवृत्त असेल, अर्ज लिहिता येत असेल, तर मिस्सानंतर थोडे थांबावे.