ओढा वाहतो आहे, पाट तुटला आहे



२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात रिट्रीटच्या निमित्ताने आम्ही चार धर्मगुरू उत्तराखंडात गेलो होतो. रिट्रीट संपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. टिहरी गढवालमधील एका खेड्याखाली उतरताना ओढ्याच्या काठी दगडामातीची एक पडकी खोपी दिसली. सोबतचे वृद्ध गावकरी म्हणाले, "हे आमचे घराट." घराट म्हणजे पाणचक्की.

आम्ही वाकून आत शिरलो. जाळी-जळमटे बाजूला सारली तर जात्याचे दोन प्रचंड दगड जागच्या जागी होते. आजोबांनी सगळे समजावून सांगितले. ओढ्याचे पाणी पाटाने आणायचे आणि लाकडी पन्हळीतून वेगाने खाली सोडायचे. खोपीखालचे आडवे चाक त्या धारेने फिरते आणि त्याच्या आसावरचा वरचा दगडही फिरतो. वर टांगलेल्या टोपलीला एक काठी बांधलेली असते. फिरत्या दगडावर ती थडथडते आणि दाणे थोडे थोडे आत पडतात. पाणी मंदावले की दगड मंदावतो आणि दाणेही कमी पडतात. दळणावळ पैशांत नसे. पिठातलाच थोडा वाटा घराटवाल्याला मिळे.

मग हे बंद का पडले? आम्हांला वाटले, ओढा आटला असेल. पण तो तर दहा पावलांवर खळाळत होता. तुटला होता तो पाट. पूर्वी पावसाळा सरला की घरटी एक माणूस पाट साफ करायला येई. पुढे गावात विजेची गिरणी आली. बायकांची ओझी वाहण्याची पायपीट वाचली, हे चांगलेच झाले. तरुण मुले नोकरीसाठी डेहराडूनला, दिल्लीला गेली. एका पावसाळ्यात दरड कोसळून पाट बुजला. ते दगड उचलायला कोणी गेले नाही, इतकेच.

येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. त्याच वर्षी उपवासकाळात आपल्या धर्मग्रामातील एका आजींचा अंत्यविधी झाला. त्यानंतर त्यांची लेक म्हणाली, "फादर, आई दर पहिल्या शुक्रवारी दार उघडे ठेवून बसायची." जुने घर पाडल्यावर ते कुटुंब दुसऱ्या इमारतीत राहायला गेले होते. आजाऱ्यांच्या यादीत पत्ता जुनाच राहिला. घर दिसले नाही आणि आम्ही चौकशी केली नाही. शेजाऱ्यांना वाटले, फादर येतच असतील. घरच्यांना वाटले, फादरांना वेळ नसेल. चार महिने त्या माउलीला ख्रिस्तशरीर मिळाले नाही. वेदीवर मिस्सा रोज होत होती. ओढा वाहत होता. पाट तुटला होता.

संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. देव आपली कामे इतरांकरवी करवून घेतो, ती त्याचे सामर्थ्य अपुरे पडते म्हणून नव्हे. त्याचा चांगुलपणा इतका उदंड आहे की, कारण होण्याचा मान तो आपल्या निर्मितीलाही देतो. त्या पडक्या घराटात या वाक्याचा अर्थ उमगला. कृपा देवाची, पाट होण्याचा मान आपला. आणि पाट एकट्या फादरांचा नसतो. यिर्मया संदेष्ट्याने उजाड झालेल्या देशाचे वर्णन करताना जात्याची घरघर थांबल्याचे सांगितले आहे. आपल्या शेजारच्या घरात अशी शांतता पसरली तर ती कोणाच्या ध्यानात येईल?

परतताना आजोबांनी एक आशेची गोष्ट सांगितली. उत्तराखंडात काही जुनी घराटे दुरुस्त करून पुन्हा चालू झाली आहेत. काहींवर दळणाबरोबर वीजही तयार होते. पाणी तेच आहे. दगड मात्र कोणीतरी उचलावे लागतात.

आज मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी एक वही ठेवलेली असेल. आपल्या आळीत, आपल्या इमारतीत जे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांची नावे व आताचे पत्ते तिच्यात लिहा. तुम्हांला वाटेल, फादरांना ठाऊक असेल. तरीही लिहा. आणि पुढच्या शुक्रवारी जमेल त्यांनी आमच्याबरोबर चला.

हे प्रभो, तुझ्या कृपेच्या वाटेतले दगड उचलण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.

आपले फादर